एका मतदाराची चार मतं: महापालिकेची निवडणूक कशी चालते

१५ जानेवारी २०२६. मोशीतल्या एका शाळेच्या वर्गखोलीत मतदान चालू होतं. माझ्या पुढच्या काकू पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेल्या, एक बटण दाबलं, यंत्राला हात जोडले आणि दाराकडे वळल्या. टेबलामागच्या बाई म्हणाल्या, "काकू, थांबा. अजून तीन मतं राहिलीत."

काकू गोंधळल्या. "दिलं की मी मत. आमच्या ओळखीचा एकच आहे त्यात."

"तो एका जागेसाठी झाला. तुमच्या प्रभागातून चार जण निवडायचेत. बाकी तिघांत कोणी नको असेल तर तसंही बटण आहे. पण चारही जागांचं उत्तर द्यावं लागेल."

काकू परत आडोशामागे गेल्या. दोन-तीन मिनिटांनी लांब बीप वाजली आणि रांग पुढे सरकली. त्या दिवशी त्या खोलीत हे संभाषण किती वेळा झालं असेल कोण जाणे. यात काकूंची चूक नव्हती. विधानसभेला आणि लोकसभेला आपण एक बटण दाबतो आणि बाहेर येतो. महापालिकेची तऱ्हा वेगळी आहे आणि ती आपल्याला कोणी नीट बसून सांगत नाही.

ते इथे पहिल्यापासून क्रमाने पाहू. उदाहरण आपल्या पिंपरी-चिंचवडचंच घेऊ. मतदान एका दिवसाचं असलं, तरी आपलं मत वाया जाण्याच्या बहुतेक जागा त्या दिवसाच्या कितीतरी आधी येतात. त्या माहीत असल्या की पुढचं सगळं सोपं आहे.

आपली संस्था कोणती, हे आधी पाहा

आपण राहतो त्या जागेचा कारभार कोण पाहतं, तिथून सुरुवात करू. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी या चार ग्रामपंचायती एकत्र करून ४ मार्च १९७० रोजी इथे नगरपालिका झाली. ११ ऑक्टोबर १९८२ रोजी तिची महानगरपालिका झाली आणि १९८६ मध्ये पहिली निवडणूक झाली. पुढे मोशी, चिखली, वाकड, रावेत अशी आजूबाजूची गावंही हद्दीत आली.

इंद्रायणी ओलांडून चाकणकडे गेलात की महापालिकेची हद्द संपते. चाकण गावाची नगर परिषद वेगळी आहे. तिची निवडणूक २ डिसेंबर २०२५ रोजी झाली आणि मतमोजणी २१ डिसेंबरला. तिथे मतदार नगराध्यक्षही थेट निवडतात. आपल्याकडे महापौर थेट निवडला जात नाही, हा मोठा फरक. म्हाळुंगे, निघोजे, कुरुळी या कारखान्यांच्या गावांत अजून ग्रामपंचायत आहे, त्यावर पंचायत समिती आणि जिल्हा परिषद.

त्यामुळे मोशीत राहून चाकणच्या कारखान्यात जाणाऱ्याने लक्षात ठेवावं: मत राहण्याच्या जागेचं असतं, कामाच्या जागेचं नसतं. तळेगाव–चाकण–शिक्रापूर रस्त्यावरच्या कोंडीचा राग मोशीच्या नगरसेवकावर काढून उपयोग नाही, तो रस्ता त्याच्या हातात नाही. पण घरी नळाला पाणी किती येतं, गल्लीतला कचरा उचलला जातो का, महापालिकेच्या दवाखान्यात आणि शाळेत काय स्थिती आहे, हे सगळं त्याच्या हातात आहे. शहरात नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी येतं. एवढं एक वाक्य ही निवडणूक आपल्यासाठी का महत्त्वाची आहे ते सांगायला पुरेसं आहे.

निवडणूक घेतं कोण

लोकसभा आणि विधानसभा भारत निवडणूक आयोग घेतो. महापालिका, नगर परिषद, जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायत यांची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो. ही दोन वेगळी कार्यालयं आहेत. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने शहरांच्या संस्थांना घटनेत स्थान मिळालं आणि त्यांच्या निवडणुका राज्य आयोगाकडे सोपवल्या गेल्या. तक्रार करायची झाली तर कोणत्या दारात जायचं, हे यावरून ठरतं.

घटना सांगते की दर पाच वर्षांनी निवडणूक व्हावी. आपल्याकडे २१ फेब्रुवारी २०१७ रोजी मतदान झालं होतं. त्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. मग इतर मागासवर्गाचं आरक्षण आणि प्रभागरचना यांचे वाद न्यायालयात राहिले आणि जवळजवळ चार वर्षं शहरात एकही नगरसेवक नव्हता. आयुक्तच प्रशासक होते. ठराव मांडणारे तेच आणि मंजूर करणारेही तेच. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्यायला सांगितलं, तेव्हा चाकं फिरली. ज्या हक्कासाठी चार वर्षं वाट पाहावी लागली, तो वापरताना थोडी जास्त काळजी घ्यायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

पहिला टप्पा: प्रभागरचना

प्रभाग म्हणजे निवडणुकीसाठी पाडलेला शहराचा तुकडा. आपल्याकडे ३२ प्रभाग आहेत आणि प्रत्येकातून चार सदस्य, म्हणजे एकूण १२८. प्रभागांचे आकडे उत्तरेकडून सुरू होतात आणि दक्षिणेला संपतात. म्हणून १ क्रमांक चिखलीकडे आणि ३२ क्रमांक सांगवीकडे.

प्रभाग पाडताना मतदार मोजत नाहीत, लोकसंख्या मोजतात, आणि तीही २०११ च्या जनगणनेची. तेव्हा शहराची लोकसंख्या १७ लाख २७ हजार ६९२ होती. तिला ३२ ने भागलं की एका प्रभागाला सुमारे ५४ हजार लोक येतात. त्यात दहा टक्के इकडे-तिकडे चालतं. २०११ नंतर उभ्या राहिलेल्या टोलेजंग सोसायट्या या हिशेबात धरलेल्याच नाहीत. म्हणून मोशी-वाकडसारख्या भागांतल्या प्रभागांत मतदार फार जास्त दिसतात.

हा आराखडा आधी प्रारूप म्हणून, म्हणजे कच्चा, प्रसिद्ध होतो. त्यावर हरकती आणि सूचना मागवतात, सुनावणी होते आणि मग तो अंतिम होतो. या वेळी कच्चा आराखडा ऑगस्ट २०२५ मध्ये आला. हरकत साध्या अर्जावर देता येते. एखादी वस्ती मधून चिरली गेली असेल किंवा नाला आणि मोठा रस्ता सोडून भलतीच हद्द धरली असेल, तर नकाशासह लिहून द्यायची हीच वेळ. नंतर कितीही ओरड केली तरी रेषा हलत नाही.

इथे नेहमी होणारी चूक म्हणजे जुना प्रभाग गृहीत धरणं. आपल्याकडे २००७ मध्ये एक सदस्याचा प्रभाग होता, २०१२ मध्ये दोनांचा आणि २०१७ मध्ये चारांचा. २०२२ साठी तीन सदस्यांचे प्रभाग आणि १३९ जागा अशी सगळी तयारी झाली आणि ती रद्द झाली. २०२५ मध्ये पुन्हा चार सदस्य आणि १२८ जागा. म्हणून प्रत्येक वेळी आपला प्रभाग नव्याने तपासायचा.

दुसरा टप्पा: आरक्षणाची सोडत

प्रभागातल्या चार जागांना अ, ब, क आणि ड अशी नावं असतात. १२८ पैकी निम्म्या, म्हणजे ६४ जागा महिलांसाठी. अनुसूचित जातींसाठी २० आणि अनुसूचित जमातींसाठी ३ जागा राखीव. इतर मागासवर्गाला २७ टक्के. कोणती जागा कोणासाठी, हे सोडतीने ठरतं. लोकांसमोर लहान मुलांच्या हातून चिठ्ठ्या काढतात. या वेळची सोडत ११ नोव्हेंबर २०२५ रोजी झाली.

या टप्प्यावर तीन गैरसमज मला दर निवडणुकीत ऐकू येतात.

पहिला: 'अ जागा म्हणजे प्रभागाचा अ भाग.' तसं नाही. प्रभागाचे चार तुकडे होत नाहीत. अ, ब, क, ड ही फक्त जागांची नावं. निवडून आलेले चौघेही पूर्ण प्रभागाचे.

दुसरा: 'राखीव जागेवर त्याच समाजाने मत द्यायचं' किंवा 'महिलांच्या जागेसाठी बायकांनीच मत द्यायचं'. हेही खरं नाही. आरक्षण उमेदवाराला आहे, मतदाराला नाही. प्रभागातल्या प्रत्येक मतदाराने चारही जागांसाठी मत द्यायचं.

तिसरा: 'बाई फक्त महिला जागेवर उभी राहू शकते.' तीही चूक. सर्वसाधारण जागा सगळ्यांना खुली आहे.

मुळात जागा चार वेगवेगळ्या का ठेवल्या, हेही यातून कळतं. इंग्लंडमध्ये समुद्रकाठच्या ब्रायटन शहरात एका प्रभागातून दोन किंवा तीन सदस्य निवडतात. तिथे सगळ्या उमेदवारांची नावं एकाच कागदावर असतात. मतदार पेन्सिलीने दोन किंवा तीन फुल्या मारतो आणि ज्यांना जास्त मतं ते निवडून येतात. तिथे जागा राखीव नसतात, म्हणून एक कागद पुरतो. आपल्याकडे प्रत्येक जागेचं आरक्षण वेगळं, म्हणून प्रत्येक जागेची लढत वेगळी, आणि म्हणून आपली मतंही चार.

तिसरा टप्पा: मतदार यादी

माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त मतं इथे गळतात. म्हणून इथे थोडं थांबू.

राज्य आयोग स्वतःची वेगळी मतदार नोंदणी करत नाही. विधानसभेची यादी घेतो आणि प्रभागाच्या हद्दीप्रमाणे तिचे भाग करतो. आपल्या शहरात मुख्यतः पिंपरी, चिंचवड आणि भोसरी या मतदारसंघांच्या यादीतून ३२ प्रभागांच्या याद्या होतात. या वेळी १ जुलै २०२५ रोजीची विधानसभा यादी धरली होती.

याचा अर्थ असा, की सप्टेंबरमध्ये नाव नोंदवलेल्याच्या हातात नवं कोरं ओळखपत्र होतं, पण त्याचं नाव महापालिकेच्या यादीत नव्हतं. तो जानेवारीत रांगेत उभा राहिला आणि परत आला. निवडणूक जाहीर झाल्यावर नाव नोंदवून चालत नाही. नवीन नोंदणीसाठी नमुना ६ चा अर्ज आणि पत्ता बदलला असेल तर नमुना ८ चा अर्ज, हे काम निवडणुकीची चाहूल नसतानाच करून ठेवावं.

प्रभागाची कच्ची यादी २० नोव्हेंबर २०२५ रोजी आली आणि हरकतींची मुदत पुढे ३ डिसेंबरपर्यंत वाढवली गेली. या हरकतीत ठरावीक गोष्टीच दुरुस्त होतात: चुकून दुसऱ्या प्रभागात गेलेलं नाव, लिहिण्यातली चूक आणि विधानसभेच्या यादीत असूनही प्रभागाच्या यादीतून सुटलेलं नाव. विधानसभेच्या यादीत नसलेलं नाव इथे घालता येत नाही.

आमच्या सोसायटीत काय झालं ते सांगतो. कच्ची यादी आली तेव्हा आम्ही चार-पाच जणांनी ती छापून घेतली आणि क्लब हाउसच्या टेबलावर पसरली. हातात पट्टी घेऊन एकेक ओळ खाली उतरत गेलो. पहिल्या दोन इमारतींची नावं बरोबर होती. तिसऱ्या इमारतीची मात्र एकही ओळ सापडेना. तासाभराने एकाने शेजारच्या प्रभागाची यादी उघडली, तर अख्खी इमारत तिथे होती. एकच फाटक, एकच पाण्याची टाकी आणि प्रभाग दोन! आम्ही त्याच आठवड्यात फ्लॅट क्रमांकांसह अर्ज दिला. पट्टी धरून बसलो नसतो, तर मतदानाच्या सकाळी त्या इमारतीतल्या आजी-आजोबांना दुसऱ्या केंद्रावर पाठवावं लागलं असतं.

आपणही हे करू शकता. आयोगाच्या संकेतस्थळावर आणि 'मताधिकार' ॲपवर नाव शोधता येतं. शोधताना तीन गोष्टी लिहून घ्या: प्रभाग क्रमांक, यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांक. नाव मिळालं नाही तर लगेच हार मानू नका. आडनावाचं स्पेलिंग बदलून पाहा, लग्नाआधीचं नाव टाकून पाहा. घरातल्या प्रत्येकाचं नाव वेगळं शोधा. नवरा एका केंद्रावर आणि बायको दुसऱ्या, असं सर्रास होतं.

चौथा टप्पा: दुबार नाव

आपला हा पट्टा बाहेरून आलेल्या माणसांनी उभा केला. लातूर, बीड, नांदेड, जळगाव, यवतमाळ, कुठून कुठून लोक इथे कामाला आले. त्यांतल्या कितीतरी जणांचं नाव गावातही आहे आणि इथेही. शहरातल्या शहरात घर बदललेल्यांचं नाव दोन प्रभागांत आहे. हा बहुतेकांचा निष्काळजीपणा असतो, कारस्थान नसतं. पण कायद्याने नाव एकाच ठिकाणी असावं आणि मत एकदाच द्यावं.

या वेळी आयोगाने संभाव्य दुबार नावांपुढे यादीत दोन तारे छापले. असे तारे दिसले की लोक घाबरतात: 'माझं नाव काटलं.' काटलेलं नसतं. एकसारखी दिसणारी दोन नावं यंत्रणेला सापडली, एवढाच त्याचा अर्थ. कुठे मत देणार हे लिहून द्यायचं. आधी दिलं नसेल, तर केंद्रावर ओळख पटवून हमीपत्र द्यावं लागतं, म्हणजे मी दुसरीकडे मत दिलेलं नाही आणि देणार नाही, असं लिखित वचन. त्यासाठी जरा लवकर जावं.

भाड्याने राहणाऱ्यांना एक विनंती. 'आपण काय, आज इथे, उद्या तिथे' असं म्हणून दहा-दहा वर्षं नाव गावाकडेच ठेवलं जातं. गावाची ओढ मला समजते. पण आपलं मूल इथल्या शाळेत जातं, आपल्या नळाला पाणी इथून येतं. जिथे आपला रोजचा दिवस जातो, तिथे मत असावं. भाड्याच्या खोलीतला माणूसही या शहराचा पूर्ण नागरिक आहे.

पाचवा टप्पा: उमेदवारी

१५ डिसेंबर २०२५ रोजी कार्यक्रम जाहीर झाला आणि आचारसंहिता लागली. म्हणजे नवी कामं जाहीर करणं, उद्घाटनं करणं बंद. २३ ते ३० डिसेंबर अर्ज भरणं, ३१ ला छाननी, २ जानेवारीपर्यंत माघार आणि ३ तारखेला चिन्हवाटप, असा क्रम होता.

उमेदवाराचं वय किमान २१ हवं आणि नाव शहराच्या यादीत हवं. तो शहरातल्या कोणत्याही प्रभागातून उभा राहू शकतो. पण आपण मात्र आपल्याच प्रभागात मत देऊ शकतो. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य झालेल्याला उभं राहता येत नाही. राखीव जागेसाठी जातीचा दाखला आणि त्याची पडताळणी लागते. पक्षाचा उमेदवार असेल तर एबी फॉर्म लागतो, म्हणजे 'हा आमचा अधिकृत उमेदवार' असं पक्षाचं पत्र. ते मुदतीत पोहोचलं नाही तर अर्ज पक्षाचा राहत नाही.

आपल्या कामाची गोष्ट म्हणजे शपथपत्र. प्रत्येक उमेदवाराला आपली मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि आपल्यावरचे गुन्हे शपथेवर लिहून द्यावे लागतात. ही शपथपत्रं लोकांना पाहता येतात. चौघांसाठी चार मतं द्यायची असताना, निदान एक संध्याकाळ त्यांच्या शपथपत्रांना द्यावी. घरी आलेल्या रंगीत पत्रकापेक्षा तो साधा कागद जास्त सांगतो.

सहावा टप्पा: सुट्टी

हा आपल्या पट्ट्यातला खास प्रश्न. मतदानाच्या दिवशी महापालिका क्षेत्रांत सार्वजनिक सुट्टी होती. कारखाने आणि दुकानांतल्या कामगारांनाही भरपगारी सुट्टी द्यायची असते. कारखाना हद्दीबाहेर असला, तरी कामगार इथला मतदार असेल तर त्यालाही ती लागू असते. जिथे काम थांबवताच येत नाही, तिथे मालकाने आधी परवानगी घेऊन निदान दोन ते तीन तासांची सवलत द्यायची असते.

कागदावर हे स्वच्छ आहे. प्रत्यक्षात ठेकेदाराकडच्या कामगाराला हे कोणी सांगत नाही. आमच्या मजल्यावर राहणारा एक मुलगा चाकणच्या पट्ट्यात ठेकेदारीवर आहे. 'तुमचं मतदान तिकडे, कंपनी इकडे, सुट्टी लागू नाही,' असं त्याला सांगण्यात आलं होतं. आम्ही त्याला शासनाच्या परिपत्रकाची प्रत दिली. त्याने ती नम्रपणे सुपरवायझरला दाखवली आणि त्याच्यासोबत आणखी चौघांना सुट्टी मिळाली. आठवडाभर आधी लेखी विचारावं. आदल्या रात्री विचारलं की पाळी आधीच लागलेली असते.

सातवा टप्पा: मतदान केंद्र

मतदान सकाळी साडेसात ते संध्याकाळी साडेपाच होतं. विधानसभेला सहापर्यंत वेळ असतो, त्या सवयीने पावणेसहाला आलेले लोक परत गेले. मात्र साडेपाच वाजता जे रांगेत उभे असतात, त्यांचं मतदान घेतात.

सोबत मतदार ओळखपत्र न्यावं. ते नसेल तर आधार कार्ड, पॅन कार्ड, वाहन परवाना, पासपोर्ट, बँकेचं फोटो असलेलं पासबुक अशी इतर कागदपत्रं चालतात. घरी आलेली मतदार चिठ्ठी म्हणजे ओळखीचा पुरावा नव्हे. ती फक्त आपला क्रमांक सांगते. मोबाइल आत नेता येत नाही, म्हणून त्यातलं आधार दाखवून चालणार नाही. कागदच न्या.

आत गेल्यावर पहिले अधिकारी नाव मोठ्याने वाचतात आणि ओळख तपासतात. पुढे सही किंवा अंगठा घेतात, डाव्या तर्जनीला शाई लावतात आणि शेवटी यंत्र आपल्यासाठी चालू करून देतात.

आपल्या नावावर कोणीतरी आधीच मत दिलेलं निघालं तर? रागाने घरी येऊ नका. केंद्राध्यक्षांना आपली ओळख पटवून द्या आणि प्रदत्त मत मागा. प्रदत्त मत म्हणजे अशा मतदाराला कागदी मतपत्रिकेवर देता येणारं मत. ती मतपत्रिका वेगळ्या पाकिटात जपली जाते. तो आपला हक्क आहे.

आठवा टप्पा: यंत्रासमोर

आता काकूंच्या जागी आपण उभे आहोत. यंत्रावर चार जागांच्या मतपत्रिका लावलेल्या असतात आणि रंग वेगळे असतात: अ पांढरा, ब फिका गुलाबी, क फिका पिवळा, ड फिका निळा. उमेदवार खूप असतील तर एकापेक्षा जास्त यंत्रं शेजारी मांडतात. म्हणून आधी एक क्षण थांबून डावीकडून उजवीकडे नजर फिरवा.

प्रत्येक रंगात उमेदवारांची नावं संपली की शेवटी 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटण असतं. त्यालाच आपण नोटा म्हणतो. प्रत्येक रंगात एक बटण दाबायचं. दाबलं की नावासमोरचा दिवा लागतो. एका जागेसाठी एकदा मत दिलं की ते बदलता येत नाही.

चारही जागा झाल्या की लांब बीप वाजते. ती ऐकू आल्याशिवाय आडोशाबाहेर येऊ नका. प्रभागातली एखादी जागा बिनविरोध झाली असेल, तर ती यंत्रावर नसते आणि मतं तीनच द्यायची असतात.

चारही मतं एकाच पक्षाला देण्याची सक्ती नाही. अ मध्ये एका पक्षाचा, ब मध्ये दुसऱ्याचा आणि क मध्ये अपक्ष, असं चालतं. 'पॅनलला द्या' असं प्रचारात सांगतात, निर्णय मात्र आपला. विधानसभेला मताची चिठ्ठी काचेआड दिसते, तशी इथे दिसत नाही. ती चिठ्ठी दाखवणारं जोड-यंत्र या निवडणुकीत नव्हतं. म्हणून दिवा आणि बीप या दोन खुणा पक्क्या ध्यानात ठेवा.

घरातल्या वयस्क माणसांना आदल्या दिवशी चार रंगीत कागदांवर हे समजावून सांगा. माझ्या आईसाठी मी पांढरा, गुलाबी, पिवळा आणि निळा असे चार तुकडे स्वयंपाकघराच्या ओट्यावर मांडले होते. तिने प्रत्येकावर एकदा बोट टेकवलं आणि म्हणाली, "म्हणजे चार डब्यांत चार पोळ्या." दुसऱ्या दिवशी तिला कोणी थांबवावं लागलं नाही.

नववा टप्पा: मोजणी आणि महापौर

मतमोजणी दुसऱ्या दिवशी, १६ जानेवारीला झाली. प्रत्येक जागेची मोजणी वेगळी होते आणि त्या जागेवर ज्याला सर्वाधिक मतं, तो निवडून येतो. ड जागेवर हरलेल्याला अ जागेच्या विजेत्यापेक्षा जास्त मतं मिळालेली असू शकतात. त्यात काही गडबड नसते, लढतच वेगळी असते.

त्यानंतर निवडून आलेले सदस्य आपल्यातून महापौर निवडतात. १२८ च्या सभागृहात ६५ म्हणजे बहुमत. महापौरपदाची मुदत अडीच वर्षं आणि ते पद कोणासाठी राखीव हेही सोडतीने ठरतं. पैशांची मंजुरी मुख्यतः १६ जणांच्या स्थायी समितीतून जाते. रोजचा कारभार चालवणारे आयुक्त राज्य सरकारने नेमलेले असतात. महापौर शहराचा पहिला नागरिक, पण फायलीवर सही आयुक्तांची. कोणाकडे काय मागायचं, हे यावरून ठरवा.

शेवटचा टप्पा: पाच वर्षं

चार सदस्यांच्या प्रभागात सगळ्यात मोठी अडचण निकालानंतर सुरू होते. पाण्याचं विचारलं की एक जण म्हणतो, 'ते दुसऱ्यांकडे आहे.' रस्त्याचं विचारलं की दुसरा तिसऱ्याचं नाव घेतो. कायद्यात अशी वाटणी नाही. चौघेही पूर्ण प्रभागाला बांधील आहेत.

म्हणून तक्रार चौघांना मिळून लेखी द्यावी. आधी महापालिकेच्या 'सारथी' हेल्पलाइनवर नोंदवावी आणि तिचा क्रमांक त्या पत्रात लिहावा. आपल्या भागाच्या क्षेत्रीय कार्यालयात, शहरात अशी आठ आहेत, पत्राची पोच घ्यावी. क्रमांक आणि पोच असलेली तक्रार सहजासहजी हरवत नाही.

आमच्या इमारतीच्या लिफ्टशेजारी पाणी सोडण्याच्या वेळांचा कागद अनेक वर्षं चिकटवलेला आहे. १७ जानेवारीला त्याच्या खाली आम्ही दुसरा कागद लावला. त्यावर प्रभागाचा क्रमांक आणि अ, ब, क, ड समोर चार नावं. त्या दिवशी केंद्रावर थांबवल्या गेलेल्या काकू आमच्याच इमारतीत राहतात. परवा पाणी आलं नाही, तेव्हा त्या चष्मा लावून त्या कागदासमोर उभ्या होत्या आणि वहीत चारही नावं उतरवून घेत होत्या.